यकृताचा कानोसा

यंत्र बिघडलंय, असं आधी सगळ्यांनाच वाटलं.

मिरजेच्या इस्पितळात यकृत तपासणारा ‘कानोसा’ आल्यापासून तो एकदाही रुसला नव्हता. उंदरांनी वायर कुरतडली तेव्हाही तो बिचारा चालतच राहिला होता. डॉ. फरहाना मुजावर यांनी हणमंत खोतच्या रक्ताची दुसरी नळी लावली, मग तिसरी लावली. प्रत्येक वेळी पडद्यावर सपाट रेघ आली. शेवटी यंत्राचीच परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी हणमंतच्या बायकोचं, देवयानीचं, सकाळी घेतलेलं रक्त त्यात घातलं. रेघ लगेच उसळली आणि करवतीच्या दात्यांसारखी वरखाली व्हायला लागली. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं.

“म्हणजे ह्यांचं यकृत चांगलं आहे ना?” देवयानीनं विचारलं.

“फारच चांगलं आहे,” मुजावरबाई म्हणाल्या. एवढी आनंदाची बातमी सांगताना त्यांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

देवयानीला चांगल्या यकृताची गरज होती, आणि तीही तातडीनं, आणि हणमंत आपल्या यकृताचा तुकडा द्यायला निघाला होता. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई एचआयव्ही घेऊनच जन्माला आली होती. तिला धड बोलता यायच्या आत आईबाप गेले आणि सांगलीबाहेरच्या एका संस्थेत, तिच्यासारख्याच मुलांमध्ये ती वाढली. संस्थेच्या आक्कांना पुराणातली नावं द्यायची हौस होती. मुलं फार काळ टिकायची नाहीत, निदान नावं तरी भारदस्त असावीत, असं त्यांना वाटत असावं. देवयानी टिकली. गोळ्या आल्या आणि ती वाचली. रोज सकाळी आठला एक गोळी, की विषाणू रक्तात सापडायचाच नाही.

यकृताचं मात्र वेगळं असतं. आतड्यांतून निघालेलं सगळं रक्त आधी यकृतात येतं आणि येताना अन्नाबरोबर जंतूंचे कणही आणतं. दर कणाला शत्रू समजून यकृतानं बोंब मारली, तर माणसाला दोन घास पचणार नाहीत. म्हणून तिथल्या पहारेकरी पेशी, ज्यांना कुप्फर पेशी म्हणतात, दुर्लक्ष करायला शिकलेल्या असतात. एचआयव्ही नेमकी ही सवय मोडतो. एकीकडे तो आतड्याच्या भिंतीतल्या रक्षक पेशी मारतो, त्यामुळे भिंत पाझरायला लागते आणि यकृताकडे जंतूंचा कचरा वाढतो. दुसरीकडे तो कुप्फर पेशींमध्येच शिरून बसतो आणि त्यांचा संयम सुटतो. त्या इंटरफेरॉनसारखी धोक्याचा इशारा देणारी रसायनं सोडत राहतात. गोळ्यांनी विषाणू दबला तरी ही हाकाटी पुरती थांबत नाही. शेजारच्या पेशी ती ऐकतात, कुठेतरी जखम झाली असं समजतात आणि ती बुजवायला धागे विणत बसतात. असे वर्षानुवर्षं विणलेले धागे साचून यकृत घट्ट होत जातं. देवयानीचं तर जन्मापासून विणणं चाललं होतं. आता तिचं पोट पाण्यानं फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते.

पूर्वी यकृतात काय चाललंय हे कळायला सुई खुपसावी लागे. कानोसा चमचाभर रक्तावर काम भागवायचा. शरीरातली प्रत्येक पेशी रक्तात बारीक बारीक पुड्या सोडत असते. पुडीवर ती कुठल्या अवयवाची आहे याची खूण असते आणि आत त्या पेशीत चाललेल्या निरोपांचे तुकडे असतात. यंत्र यकृताच्या पुड्या वेचायचं, निरोप वाचायचं आणि त्यांची रेघ काढायचं. कुणाला हौस असेल तर त्याचा आवाज करूनही ऐकवायचं. जगभरातल्या हजारो एचआयव्हीग्रस्तांची यकृतं अशी ऐकून झाली होती. कुणाची हाकाटी, कुणाची नुसती गुणगुण, पण मुकं यकृत एकही सापडलं नव्हतं.

हणमंतचं मुकं होतं. आणि हणमंतला एचआयव्ही होता. निदान एकवीस वर्षं तो रोज सकाळी आठला देवयानीसमोर बसून तिच्यासारखीच गोळी गिळत होता.

मुजावरबाईंनी कपाटातून एचआयव्ही तपासायची जुन्या पद्धतीची पट्टी काढली, गरोदर बायकांसाठी वापरतात ती. हणमंतच्या बोटाला टोचून थेंब घेतला. पट्टीवर एकच रेघ उमटली. त्यांनी दुसऱ्या कंपनीची पट्टी आणवली. तिच्यावरही एकच.

“तुम्हाला एचआयव्ही नाही, हणमंतराव,” त्या म्हणाल्या. “कधीच नव्हता.”

“गोळ्यांनी बरा झाला असेल,” देवयानी म्हणाली.

“बरा झाला असता तरी खुणा राहिल्या असत्या. ह्यांच्या यकृतानं तो पाहिलेलाच नाही.”

क्षणभर देवयानीला नुसता आनंद झाला, सुटल्यासारखा. आणि मग तिचा संताप उसळला, तो नवऱ्यासाठी. एकवीस वर्षं ह्या माणसानं नसलेल्या आजाराच्या गोळ्या खाल्ल्या. पहिले दोन महिने ओकत होता, झोपेत दचकून उठत होता. भावकीनं पंगतीत त्याचं पान वेगळं मांडलं होतं. कुणीतरी रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केली आणि एका धडधाकट माणसाला आयुष्यभरासाठी आजारी करून टाकलं.

“कुठल्या केंद्रात तपासलेलं तुम्हाला?” ती उठून उभी राहिली. “मी सोडायची नाही त्यांना. वकील करू. काय ओ, बोला की.”

हणमंत बोटावरचा कापसाचा बोळा चोळत होता. देवयानीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असली बातमी ऐकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे तिनं संस्थेत शेकडो वेळा पाहिलं होतं. चांगली असो की वाईट, माणूस आधी खुळ्यासारखा बघत राहतो. हणमंत तसा बघत नव्हता. तो मान खाली घालून बसला होता, शाळेत खोडी सापडलेल्या पोरासारखा.

“तुम्हाला ठाऊक होतं,” देवयानी म्हणाली.

“व्हय.”

तिनं खुर्ची चाचपली आणि ती बसली. मुजावरबाईंनी दार लोटून घेतलं.

“पण औषधाचं कार्ड?” त्यांनी विचारलं. “कार्ड कसं मिळालं तुम्हाला?”

“तानादानं रक्त दिलं. माझं नाव सांगून,” हणमंत म्हणाला. “थोरला भाऊ माझा. ट्रकवर होता, त्याला होता आजार.”

मुजावरबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. अशा कामात कुठली चूक होऊ शकते आणि ती का सापडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? एकदा कार्ड झालं की या माणसाला आजार आहे का, असं पुन्हा कुणी विचारत नाही. तो आटोक्यात आहे का, एवढंच विचारतात. हणमंतचा आजार कायम आटोक्यात असायचा. केंद्रातली समुपदेशक बाई बाकीच्या पेशंटांना त्याचं उदाहरण द्यायची.

इस्पितळाच्या मागे करंजाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. देवयानी तिथपर्यंत कशी चालत आली ते तिलाही सांगता आलं नसतं. हणमंत तिच्याशेजारी बसला नाही, समोर उकिडवा बसला.

त्याचा धंदा मंडपाचा आणि माईकचा. संक्रांतीनंतरच्या रविवारी संस्थेत एचआयव्ही असलेल्यांचा वधू-वर मेळावा भरायचा. आपल्यातल्याच माणसाशी लग्न केलं तर लपवाछपवी नको आणि टोमणे नकोत, असा त्यामागचा सरळ विचार. नोंदणीला औषधाचं कार्ड दाखवावं लागे. स्टेजवर येऊन आधी नाव सांगायचं, मग रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रक्षक पेशी किती ते सांगायचं. शिक्षण आणि पगार त्यानंतर. हसत-खिदळत चालायचं सगळं.

“एका वर्षी माईक माझा होता,” हणमंत म्हणाला. “मी मागं मशीनवर बसलेलो. तू आलीस. माईक पार तोंडात धरलास, त्यानं शिट्टी मारली. दुसरी पोरगी घाबरली असती. तू शिट्टीवरनंच बोलायला लागलीस.”

देवयानीला ते आठवत होतं. बावीस वर्षांची होती ती. आठवणीनं आताही तिचे कान तापले.

“काय म्हणाले होते मी, ते पण सांगा,” ती म्हणाली.

“‘मला नवरा पाहिजे तो आजारातलाच. चांगल्या माणसानं माझ्यावर उपकार करायला येऊ नये. उपकारातच वाढलेय, आता बास.’”

त्यानं शब्द न् शब्द सांगितला. मंडपात तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, हे तिला आठवलं. माईकवाला कोण होता ते मात्र काही केल्या आठवेना.

“माईकवाल्याकडं कोण बघतंय,” हणमंत म्हणाला. “माझ्या कानाला हेडफोन. तुझा आवाज सरळ कानात आला. हजार लोकांचे ऐकले मी, स्टेजवर सगळ्यांचे कापतात. तुझा कापत नव्हता.”

“आणि म्हणून तुम्ही खोटं कार्ड काढलं.”

“ते नसतं काढलं तर तू उभं केलं असतंस का मला?”

“नसतं केलं.”

“मग?”

पुढच्या मेळाव्यात हा माणूस स्टेजवर आला होता. घामानं भिजलेला, माईक हातात घेऊन ‘हॅलो, चेक’ म्हणाला होता आणि सगळा मंडप हसला होता. देवयानीही हसली होती. लग्नात उखाणा घेताना तिनं अगदी तोऱ्यात म्हटलं होतं, की आमच्या दोघांचं दुखणं एक, औषध एक, ताट एक. तिच्या अख्ख्या संसाराचा पाया तेवढाच होता. रुसवे झाले, भांडणं झाली, पण सकाळी आठला गजर वाजला की दोघं समोरासमोर बसायची आणि ती दोन गोळ्या काढून एक त्याच्या हातावर ठेवायची. आपण दोघं सारखे, कुणी कुणाचं देणं लागत नाही. ह्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं जगली होती.

आणि मग तिला बाळ आठवलं.

ते इतक्या उशिरा कसं आठवलं याचंच तिला आश्चर्य वाटलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू आहेत, बाळाला काही होणार नाही. ते देवयानीला कळत होतं. पण संस्थेच्या दारात पोरं सोडून जाणारे काका-मामा तिनं पाहिले होते. तिला स्वतःला कुणी आणून सोडलं, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. गोळ्या खाऊनही वारलेल्या मैत्रिणी तिनं पोचवल्या होत्या. आई आजारी, बाप आजारी, उद्या दोघं गेलो तर हे पोर त्याच दारात येणार. रात्रंदिवस तिच्या डोक्यात हेच होतं. तेव्हा हणमंत म्हणाला होता, ‘मी आहे ना.’ ती वैतागून म्हणाली होती, ‘तुम्ही तरी किती दिवस आहात?’ त्यावर तो गप्प बसला. तिनं बाळ काढून टाकलं.

“‘मी आहे ना’ म्हणाला होता तुम्ही,” देवयानी म्हणाली.

हणमंतनं मान वर केली. ती कशाबद्दल बोलतेय हे त्याला लगेच कळलं, म्हणजे तोही इतकी वर्षं त्या वाक्यापाशीच होता.

“खरंच होता की तुम्ही,” ती म्हणाली. “मी मेले असते तरी तुम्ही राहणार होता. बाप राहणार होता त्याला. एक शब्द बोलला असता तर आज कॉलेजात जात असतं ते.”

“बोललो असतो तर तू सोडून गेली असतीस.”

“गेले असते. पोर पोटात घेऊन गेले असते. पोर तरी असतं.”

हणमंतच्या हातातला कापसाचा बोळा खाली पडला. देवयानी उठली, सुजलेले पाय चपलांत कोंबले आणि फाटकाबाहेर जाऊन संस्थेकडे जायला रिक्षा केली. तिला रडू येत नव्हतं. नुसतं गरगरत होतं, आणि रस्त्यावरचं सगळं, दुकानांच्या पाट्यासुद्धा, कुणीतरी खोटंच मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं.

संस्थेत आता मुलं नव्हती. आईकडून बाळाला होणारा आजार थांबला होता आणि पाळण्यांच्या खोलीत आता गुडघे धरून चालणारी जुनी मुलंच राहत होती. मेळाव्यातही हल्ली पन्नाशीचे विधुर यायचे. देवयानी तिथलं स्वयंपाकघर सांभाळायची, त्यामुळे तिला खोली मिळायला अडचण नव्हती. दुसऱ्या दिवशी आठला गजर झाला. तिनं डबी उघडली आणि सवयीनं दोन गोळ्या काढल्या. एक गिळली. दुसरी तळहातावर तशीच राहिली. ही गोळी वर्षानुवर्षं त्या माणसानं कशासाठी खाल्ली, हा विचार मनात आला तेव्हा तिला क्षणभर त्याची माया वाटली, आणि त्या मायेचाच तिला इतका राग आला की तिनं गोळी मोरीत फेकली.

आक्का नव्वदीला टेकल्या होत्या आणि त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे देवयानीला आपली लाज ओरडून सांगावी लागली. आक्कांनी सगळं ऐकलं.

“फसवलं तुला त्यानं,” त्या म्हणाल्या. “चांगलंच फसवलं. आता काय, मरून दाखवणार हायस त्याला?”

“त्याचं यकृत मला नको.”

“मग दुसऱ्याचं घे. कुणाचं मिळायलंय?”

कुणाचंच मिळत नव्हतं. हे सांगायला मुजावरबाई त्याच आठवड्यात स्वतः आल्या. संस्थेतल्या आणखी चौघांनी रक्त दिलं होतं, पण त्यांची यकृतंही देवयानीच्याच वाटेवर होती. प्रयोगशाळेत वाढवलेलं यकृत अजून डुकरांवरच्या प्रयोगांपुढे गेलं नव्हतं. डॉक्टरांनी देवयानीचं पोट तपासलं, डोळे ओढून पाहिले आणि त्या पदराशी चाळा करत बसल्या.

“थांबण्याइतका वेळ नाही तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “निर्णय तुमचा आहे. मी फक्त एक गोष्ट सांगायला आले. कानोसा काय पकडतो, हे मी तुम्हाला दोघांना आदल्या भेटीतच समजावून सांगितलं होतं. एचआयव्ही असलेल्या माणसाचं मुकं यकृत मी आजवर पाहिलं नाही, हेही म्हणाले होते. आठवतंय?”

देवयानीला आठवत होतं. तेव्हा तिला नीटसं कळलं नव्हतं.

“हणमंतरावांना कळलं होतं. आवाजाचाच धंदा त्यांचा. त्यांनी मला दोनदा विचारलं, अगदी बारीक असला तरी ऐकू येतो का म्हणून. मी हो म्हणाले. तरी ते आले आणि बाही त्यांनी स्वतःच वर केली.”

देवयानी भिंतीकडे बघत राहिली. म्हणजे तो पकडला गेला नव्हता. तो चालत येऊन सापडला होता. त्यानं तिचा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. पण तो आता आधीसारखा सरळही राहिला नाही.

“त्यांचा तुकडा माझ्यात बसवला, तर त्याला आजार होणार का?” तिनं विचारलं.

“गोळ्या चालू राहतील, त्यामुळे विषाणू दबलेलाच राहील. पण त्या तुकड्यात त्यांच्या कुप्फर पेशी असतील आणि त्यांना तुमच्या रक्तात राहावं लागेल. तुमच्या आतड्याची भिंत पाझरते, ती तशीच पाझरणार. काही महिने त्या गप्प राहतात. मग गुणगुणायला लागतात. ज्यांच्यात असे तुकडे बसवले, त्यांच्यात हेच दिसलंय. आवाज बारीक असतो, यकृत टिकतं.”

“पण त्यांच्या यकृताला कळणार, आजार म्हणजे काय ते.”

मुजावरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “कळणार.”

हणमंत बाहेर डॉक्टरांच्या गाडीशेजारी उभा होता. आत यायची त्याची छाती झाली नव्हती. देवयानी भिंतीला धरून ओसरीपर्यंत आली.

“यकृत घेते मी,” ती म्हणाली. “उपकार म्हणून नाही. ते तुम्ही माझं देणं लागता. आणि येत्या मेळाव्यात स्टेजवर जायचं आणि सगळं सांगायचं. कार्डाचं. तानादाचं. बाळाचंसुद्धा.”

“मी?” हणमंत म्हणाला. “माईकवर?”

“तुमच्याच माईकवर.”

अर्धंअधिक यकृत कापून देणार म्हटल्यावर ज्याच्या कपाळावर आठी पडली नव्हती, तो माणूस आता पांढराफटक पडला.

शस्त्रक्रिया पार पडली. हणमंतचं उरलेलं यकृत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं झालं, कारण तेवढी एक गोष्ट यकृताला येते. देवयानीच्या डोळ्यांतलं पिवळेपण गेलं, पोट उतरलं, पायांत पुन्हा चपला बसायला लागल्या. ती घरी राहायला आली, कारण दोघांनाही वजन उचलायची बंदी होती आणि एकाचं दुखणं दुसऱ्याशिवाय निभणार नव्हतं. पण चहा ती आपला आपला करून प्यायची. सकाळी आठला गजर झाला की ती तिच्या गोळ्या घ्यायची, आता त्यात नवं यकृत शरीरानं टाकून देऊ नये म्हणून आणखी दोन होत्या. हणमंत रिकाम्या हातानं समोर बसायचा. ऊठ म्हणावं तर सवय, बस म्हणावं तर राग. ती डबी मिटून उठायची.

दिवाळीनंतर दोघांना तपासणीला बोलावलं. कानोशावर आधी हणमंतची रेघ आली, सपाट. मग देवयानीची आली. जुनी करवत नव्हती, पण रेघ सपाटही नव्हती. मुंगीच्या पावलांसारखं काहीतरी तिच्यावर थरथरत होतं.

“सुरू झालं,” मुजावरबाई म्हणाल्या. “घाबरायचं कारण नाही. अपेक्षित होतं.”

“मला ऐकवा,” हणमंत म्हणाला.

त्यांनी हेडफोन दिला. त्यानं तो धंद्यातल्या माणसासारखा दोन्ही हातांनी नीट बसवला आणि डोळे मिटले.

“घूं-घूं आवाज येतोय,” तो अखेर म्हणाला. “अर्थिंग नसलेल्या स्पीकरला येतो तसा. कुणी बोलत नसलं तरी चालूच.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “हे माझंच नव्हं?”

“तुमचंच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “राहतंय त्यांच्यात.”

हणमंतनं हेडफोन काढला नाही. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यानं पुसलंही नाही. जन्मापासून देवयानीच्या पोटात हेच चाललं होतं, याहून किती मोठ्यानं, आणि तो रोज तिच्यासमोर बसून ते आपल्यालाही आहे असं दाखवत आला होता. देवयानीनं त्याला रडताना पाहिलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी मशीनवर बसायला कुणी नव्हतं, कारण बसणारा स्टेजवर जाणार होता. देवयानी म्हणाली, मी बसते. कुठलं बटण कशाचं ते हणमंतनं तिला दाखवलं. हे माईकचं, हे एको, त्याला हात लावू नको. तिनं हेडफोन कानाला लावला आणि प्रथमच तिला मंडप त्याच्या जागेवरून दिसला. माणसांच्या पाठी आणि लांबवर स्टेज. इथून ह्यानं आपल्याला पाहिलं होतं.

हणमंत स्टेजवर गेला. माईक हातात घेतला आणि त्याच्या तोंडून गेलं, “हॅलो, चेक.”

लोक हसले. सगळे ओळखीचे होते, त्याचा हा विनोद दरवर्षी व्हायचा.

“माझं नाव हणमंत खोत,” तो म्हणाला. “मला आजार नाही. कधीच नव्हता.”

हसू विरलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा अर्धवट उठला आणि तसाच राहिला. हणमंतनं कार्डाचं सांगितलं, तानादाचं सांगितलं. कुणीतरी मागून ‘खोटारडा’ म्हणालं. एक बाई तरातरा उठून मंडपाबाहेर गेली. ह्या मंडपात लोकांनी दोनच गोष्टी विश्वासानं उघड्या केल्या होत्या, आपलं नाव आणि आपला आजार, आणि त्यातली एक हा माणूस खोटी सांगून इथं वर्षानुवर्षं जेवून गेला होता. देवयानीला हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. कापत होता.

“आणि आमचं एक बाळ होतं,” हणमंत म्हणाला. “म्हणजे, होणार होतं.”

त्याचा आवाज खाली खाली गेला. ओठ हलत होते, पण शब्द माईकपर्यंत पोचत नव्हते.

“ऐकू येईना,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

हणमंतनं स्टेजवरून मशीनकडे पाहिलं. ती नजर देवयानीला चांगली कळली. लग्नाच्या मंडपात कुणी नको ते बोलायला लागलं की यजमान अशाच नजरेनं माईकवाल्याकडे बघतात, आणि हणमंत हळूच बटण खाली करायचा. एवढं केलं असतं तर विषय तिथंच संपला असता. माईक गेला म्हणून लोक उठले असते, जेवायला बसले असते.

देवयानीचं बोट बटणावर होतं. इतक्या वर्षांत त्या बाळाचं नाव त्यांच्या घरात कुणी काढलं नव्हतं. तिनंही नाही.

तिनं बटण फिरवलं. आवाज वाढला, आणि त्याचा श्वाससुद्धा मंडपभर झाला.

“ती म्हणाली, दोघंही जाऊ, त्याला कोण,” हणमंत म्हणाला. “मी म्हटलं, मी आहे ना. तेवढंच म्हटलं. मी का आहे, ते नाही सांगितलं.”

शेवटच्या रांगेपर्यंत ते स्पष्ट ऐकू गेलं. देवयानीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि इतक्या वर्षांनी ती रडायला लागली.